घामातला वास

बोळाच्या टोकाला नाकवाल्यांचं अत्तराचं दुकान होतं. 'नाकवाले' हे नाव गावाने ठेवलेलं, आणि नाकही तसं भरभक्कम. गिऱ्हाईक आलं की ते आधी उलटतपासणी घेत. "उन्हात किती फिरता? घाम फार येतो?" मग मनगटावर एक थेंब, आणि हुकूम, "कोपऱ्यापर्यंत चालून या. बाटलीतला वास खोटा, घामातला खरा."

प्रत्येकाचं मिश्रण वेगळं, त्याच्या प्रमाणांची चिठ्ठी एकच. माणूस वारला की चिठ्ठी फाडायची, ही दुकानाची रीत. बायको गेली तेव्हा सवयीने त्यांनी तिचीही फाडली, आणि मग हातातल्या तुकड्यांकडे बघत बसले. त्याला सात वर्षं झाली. शेकडो मिश्रणं करून पाहिली, पण तो वास काही हाती लागेना. आता तर तो आठवेनासाही झाला होता, आणि त्याचीच त्यांना धास्ती वाटे.

सोमवारी दुपारी एक शिक्षिका आली. त्यांनी तिच्या मनगटावर लिंबाच्या सालीचं हलकं अत्तर लावलं. ती चालून परतली, नाकवाल्यांनी मनगट हुंगलं आणि मटकन खाली बसले. लिंबाचा मागमूस नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातली बायको होती.

"काका, बरं नाही का वाटत?"

"छान वाटतंय गं. फार छान."

मंगळवारी पोस्टमनला चंदनाचं लावलं. परतला तर पुन्हा तीच, या वेळी कुशीत तान्ही लेक घेतलेली, पदराला दुधाचा वास. बुधवारी शिंपीणबाई आली, तिच्या हातावर नव्या घराला रंग देताना दमलेली बायको. नाकवाले पोरासारखे हरखले. सकाळपासून दारात उभं राहून गिऱ्हाइकाची वाट बघू लागले.

गुरुवारी सुताराच्या मनगटाला तिच्या शेवटच्या दुखण्यातल्या मलमाचा वास आला.

नाकवाल्यांनी त्याचा हात सोडला. वर्षं पुढे सरकत होती, आणि त्यापुढे तिचं वर्षच नव्हतं. त्यांनी बाटल्या कपाटात घालून कुलूप लावलं.

शुक्रवारी दुपारी लेक आली. "बाबा, दुकान बंद? आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!"

"दमलोय गं."

"तुमचा डोळा लागला होता, म्हणून माझ्याकडच्या किल्लीने कपाट उघडलं. एक थेंब लावला. कोपऱ्यापर्यंत जाऊनही आले, तुमच्या नियमाने. बघा, मला शोभतंय का?"

तिने हात पुढे केला. मनगट घामाने ओलं होतं.

नाकवाल्यांनी श्वास ओढला.

अत्तर नव्हतं. मलमही नव्हतं. मलमानंतरचं, काहीच नसलेलं वर्ष होतं.

त्यांनी तिच्या केसांशी नाक नेलं, खांद्याशी नेलं. खिडकीच्या लाकडाचा वास आला. बाहेरच्या तापलेल्या रस्त्याचा आला.

लेकीचा आला नाही.

"सांगा ना, बाबा," ती हसत म्हणाली, "कसा येतोय?"