ओढपत्रा

बाहेर डॅन्यूबच्या काठाला बर्फ धरला होता आणि उज्ज्वला साळवे अर्ध्या बाह्यांच्या सुती कुडत्यात भाकऱ्या थापत होती. खिडकीखालचा रेडिएटर हिवाळाभर बंद होता. हात लावला तर थंडगार लोखंड. तरीही खोली इतकी उबदार, की जेवायला आलेला शिवलिंग बिराजदार दारातच कोट, स्वेटर, मफलर असं एकेक उतरवत थेट बनियनपाशी येऊन थांबला.

"बास आप्पा, आता याच्या पुढं नको," उज्ज्वला म्हणाली.

"निलंग्याला चैत्रात बसल्यागत वाटायलंय बघ. नुसता घामोळ्यांच्या पावडरीचा डबा राहिला आणायचा."

दोघं एकाच टोळीतले फिटर. जर्मनीतल्या या उल्म शहरात घरं जुनी झाली, गॅस परवडेना झाला, आणि भिंती फोडून नळ-तारा ओढायचं काम शिकायला इथली पोरं तयार होईनात. म्हणून महाराष्ट्रातल्या आयटीआयमधून माणसं उचलून आणली. उज्ज्वला जालन्याची, शीतकरणाच्या ट्रेडची. आता टोळीची प्रमुख. तिनं मान्य केल्याशिवाय एकही घर चालू व्हायचं नाही, आणि याचा तिला चांगलाच माज होता.

त्यांची टोळी बसवायची तो ओढपत्रा. कंपनीचं नाव लांबलचक होतं, हे टोळीनं ठेवलेलं. टेबलाएवढा, बोटभर जाडीचा पत्रा. आत ना पाणी, ना गॅस, ना फिरणारा एक भाग. थोडी वीज दिली की एका बाजूची उष्णता ओढून दुसऱ्या बाजूला सोडायची, एवढंच त्याचं काम. बटण फिरवलं की दिशा उलटी. हिवाळ्यात उष्णता घरात घ्यायची, उन्हाळ्यात घराबाहेर टाकायची.

खरं तर तो बाहेरच्या भिंतीसाठी बनवलेला. पण जुन्या गावातली लाकडी सांगाड्याची घरं म्हणजे सरकारी वारसा, बाहेरच्या भिंतीला आतून-बाहेरून खिळा ठोकायची चोरी. मग कंपनीनं डोकं लढवलं. पत्रे आतल्या भिंतींना लावायचे. छताला, शेजाऱ्याशी सामायिक असलेल्या भिंतीला. जाहिरातीत लिहिलं, 'भिंतीत झोपलेली ऊब जागी करा.' आणि गंमत म्हणजे इथं पत्रा जास्तच चांगला चालला. वीज निम्मी लागायला लागली. भिंतीत ऊब येऊन झोपली कुठून, हे कुणी विचारलं नाही. ऊब मिळाली की माणूस प्रश्न विचारत नाही. उज्ज्वलानंही विचारलं नव्हतं. कंपनीनं तिला हे घर नमुना म्हणून स्वस्तात दिलं होतं. गिऱ्हाइकं येऊन तिच्या बंद रेडिएटरला हात लावून बघायची आणि थक्क व्हायची.

धप. धप. धप.

आप्पानं वर बघितलं. "हे काय?"

"वरचा. आठवडाभर चाललंय. दिवसभर नाचत असतो मेला." पुन्हा धप झालं. उज्ज्वलानं तवा उतरवला. "थांबा, आज त्याचा नाच काढतेच."

पिठाच्या हातानंच ती जिना चढली. भांडण सोडवायला की बघायला कोण जाणे, आप्पा कोट अडकवत मागून आला.

दार उघडलं तेकलेनं. आफ्रिकेतल्या इरिट्रियाचा, उंच, पन्नाशीचा, शहरात बस चालवायचा. अंगात ओव्हरकोट, डोक्याला लोकरी टोपी, हातात मोजे, वरून रजई.

"शेजारीणबाई! आणि या थंडीत उघड्या हातांनी?"

"तुमचा नाच बघायला आले," ती तिच्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली.

"नाच कसला! पाय बधिर होतात. आपटले की कळतं, आहेत अजून जागेवर." तो हसला आणि हसता हसता खोकल्यानं वाकला. खोकला थांबेना. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला, तोवर उज्ज्वलाला आतला गारठा पायाला लागला. तेकलेचं बोलणं वाफेसकट बाहेर येत होतं.

"रेडिएटर बिघडलाय का?"

"हात लाव."

तिनं लावला आणि झटकन काढला. चटका बसला होता.

"डॉक्टरांनी अर्धं फुप्फुस काढलं," तेकले खुर्चीत बसत म्हणाला. "म्हणाले, काहीही कर, गारठ्यात राहू नको. म्हणून सगळे रेडिएटर पूर्ण सोडलेत. ढिगानं पैसे जाळतोय आणि आत हिमालय."

थट्टा बाजूला ठेवून उज्ज्वला आणि आप्पा कामाला लागले. आप्पानं खिडक्यांच्या फटी तपासल्या. उज्ज्वलानं रेडिएटरमधली हवा सोडून बघितली. सगळं ठीक. मग तिनं तळहात भिंतीला लावला. घरामागच्या कालव्याकडची, बाहेरची भिंत गार होती. ते समजण्यासारखं होतं. शेजारच्या घराकडची, आतली भिंत मात्र तिच्याहून गार. छत गार. ती वाकली आणि जमिनीला हात लावला. बर्फाच्या लादीला लावावा तसा.

थंडी बाहेरून येत नव्हती. आतून येत होती.

भिंतीपलीकडे फ्राउ त्सीग्लर नावाच्या बाई राहतात. वर दाताचा डॉक्टर. दोघांकडे पत्रे उज्ज्वलानंच बसवलेले. आणि या जमिनीखाली तिचंच घर, छताला पत्रे लावलेलं, भाकरी तव्यासकट उतरवून ठेवलेली.

जालन्यात त्यांच्या गल्लीला आठवड्यानं पाणी यायचं. पुढच्या घरवाल्यानं नळाला मोटार लावली की उज्ज्वलाच्या आईच्या नळातून नुसती हवा फुसफुसायची. आई हंडा घेऊन त्याच्या दारात जाऊन शिव्या घालायची, आणि तो गॅलरीतून शांतपणे म्हणायचा, बाई, मी काय तुझ्या घरात येऊन पाणी घेतलं का?

"आप्पा," ती मराठीत म्हणाली, "आपण नळाला मोटार लावलीय."

आप्पाला लगेच कळलं. लातूर जिल्ह्यातल्या माणसाला ते समजवावं लागत नाही. "एक नव्हं," तो म्हणाला. "तीन."

"काय झालं?" तेकलेनं विचारलं.

लपवायचं तिच्या स्वभावात नव्हतं. "तुम्ही तापवता ती ऊब आम्ही तिघं ओढून घेतो. मी खालून, बाकीचे वरून आणि बाजूनं. माझा रेडिएटर बंद आहे, कारण तुमचा चालू आहे."

तेकलेनं रजई अंगाभोवती ओढून घेतली. "म्हणजे तू अर्ध्या बाह्यांत फिरतेस ती माझ्या जिवावर?"

"हो."

"मग निदान ती भाकरी तरी आण वर," तो म्हणाला. पण या वेळी हसला नाही.

उज्ज्वला खाली आली. छताच्या पत्र्यांचं बटण उलट फिरवलं आणि आपला रेडिएटर पूर्ण सोडला. आता तिची ऊब वर जाणार होती. तिच्या खोलीत गारठा उतरला. आप्पानं मुकाट्यानं स्वेटर चढवला, मग मफलर, आणि दोघांनी गार वरणाबरोबर गार भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सौमित्र कारखानीस दारात हजर. पुण्याचा, कंपनीचा इथला प्रमुख. माणूस गोड बोलायचा. पत्र्यांची दिशा फिरली की त्याच्या कार्यालयात कळायचं.

"ताई, नमुन्याचं घर आहे हे. संध्याकाळी गिऱ्हाइकं आणतोय मी. काय गारठून ठेवलंय?"

तिनं सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, तो चकित होईल. तो हातमोजे काढून शांतपणे खुर्चीवर बसला.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"ताई, उष्णता कुठून तरी यायलाच हवी ना? शाळेतला नियम आहे. आणि कुणाच्या घरात शिरून आपण काही उचलत नाही. भिंत सामायिक आहे."

"पुढच्या घरातला हेच म्हणायचा."

"कोण?"

"काही नाही. वरचा माणूस मरेल, त्याचं काय?"

"त्यांनीही बसवून घ्यावेत पत्रे. मी सवलतीत देतो."

"बसवले. मग? तो आमची ओढणार, आम्ही त्याची. चारही घरं रस्सीखेच खेळणार, फुकट ती फक्त वीज जाणार. मग तुमची ती निम्म्या विजेची जाहिरात कुठं राहिली?"

सौमित्रनं हातमोजे पुन्हा चढवले. "तोवर आपण पुढच्या गल्लीत असू," तो म्हणाला.

ते ऐकून कामावर निघण्याआधी चहाला आलेल्या आप्पानं कप इतक्या जोरात ठेवला की बशी तडकली.

"मी दारोदार जाऊन सांगणार आहे," उज्ज्वला म्हणाली. "जिथं जिथं मी बसवले, तिथं तिथं."

"तुमचा इथं राहायचा परवाना कंपनीच्या नावावर आहे. हे धमकी म्हणून सांगत नाहीये हं ताई."

"मग कशाला सांगताय? बातमी म्हणून?"

तो उठला. दाराशी थबकून म्हणाला, "लोक ऐकणार नाहीत. ऊब कुणी परत देत नाही."

त्याच्या मागोमाग तीही निघाली. जिना चढून तिनं फ्राउ त्सीग्लरचं दार वाजवलं. बाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका, खमक्या. उज्ज्वला नवी आली तेव्हा यांनीच तिला रस्ते दाखवले आणि भाषा शिकवली होती. उज्ज्वलानं काही सांगितलं नाही, फक्त म्हणाली, "दोन मिनिटं शेजारी चला." बाई पातळ ब्लाउजवर आल्या आणि तेकलेच्या खोलीत पाऊल टाकताच दोन्ही हात काखेत घातले. उज्ज्वलानं त्यांचा एक हात सोडवून भिंतीवर ठेवला.

"या भिंतीपलीकडे तुमची बैठकीची खोली आहे," ती म्हणाली, आणि मग बाकीचं सांगितलं.

"मी कायदेशीर विकत घेतलंय," फ्राउ त्सीग्लर म्हणाल्या. "मी कुणाची चोरी केलेली नाही."

"तुम्ही नाही केली. बसवलं मी."

तेकले अंथरुणात पडून होता. बाईंनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. मग बघितलं. उज्ज्वलाच्या घरावरची जमीन थोडी कोमट झाली होती, पण खोकला थांबला नव्हता. बाहेर जिन्यात आल्यावर त्या हलक्या आवाजात, पण शिक्षिकेच्या ठामपणानं बोलल्या.

"समज, मी माझं बटण फिरवलं. आणि वरच्या डॉक्टरनं नाही फिरवलं. मग माझी ऊब तेकलेकडे, आणि तेकलेकडून त्याच्याकडे. तो मजेत, आम्ही कुडकुडत. मी मूर्ख ठरणार नाही का?"

हे खरं होतं. कालपासून उज्ज्वलाचा रेडिएटर तापत होता आणि त्यातली किती ऊब तेकलेच्या पायाखाली थांबली, किती डॉक्टरच्या घरात गेली, हे तिलाही ठाऊक नव्हतं. एक डॉक्टर सोडा. या शहरात तिनं बसवलेल्या भिंतींना गणती नव्हती, आणि तिचा परवाना किती दिवस टिकेल याचा भरवसा नव्हता.

"ठराल," ती म्हणाली. "मी ठरलेच आहे. पण एकट्या मूर्खाला तो डॉक्टर दारातूनच हाकलेल. दोघी असलो तर निदान ऐकून घ्यावं लागेल. स्वेटर घालून येता का, फ्राउ त्सीग्लर? त्याचं दार वाजवू या?"