झाकण लावण्याआधी

यवतमाळच्या दारव्हा रोडवर चार मजली बाजारसंकुल उभं राहत होतं. तिथल्या एसीच्या कामाची जुळवाजुळव इंद्रजीतकडे होती. नागपूरहून आलेला माणूस. इथल्या कोणाला काही कळतं यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. वायरमन गाढव, सुतार कामचुकार, आणि डक्ट बसवणारा देवसिंग तर अडाण्यांचा मुकादम. मालक पुसदला राहायचा. त्याने इंद्रजीतला कधी पाहिलं नव्हतं, फोनवर आवाजानेच काय तो ओळखायचा. उद्या पाहणीत काम पसंत पडलं, तर अमरावतीचं मोठं कामही इंद्रजीतलाच मिळणार होतं.

तिसऱ्या मजल्यावर, छतातल्या डक्टचं, म्हणजे माणूस रांगत जाईल एवढ्या पत्र्याच्या हवानळीचं, शेवटचं झाकण तेवढं राहिलं होतं. दुपारचे तीन वाजलेले. देवसिंग हातात पेचकस घेऊन शिडीवर नुसताच उभा.

"काहून थांबला बे?" इंद्रजीतने त्याच्याच बोलीत वेडावलं.

"नावं पुकारतो, साहेब. अंदर गेलेला हरेक माणूस बाहेरून 'हो' म्हणते, मंगच आमी झाकण लावतो."

"वा! शाळाच भरव. पाढेही म्हणून घे."

देवसिंगने मनावर घेतलं नाही. भोकात तोंड घालून त्याने हाक दिली, "प्रेम?" शिडी धरलेला प्रेम खालून 'हो' म्हणाला. "लालसिंग?" खिडकीकडून 'हो' आलं.

"इंद्रजीत साहेब? तुमी बी सकाळी अंदर गेलते."

गेला होता खरा, यांच्या चुका काढायला. पण असल्या खुळचटपणाला ओ देईल तो इंद्रजीत कसला? तो तोंड मिटून उभा राहिला.

"हो," डक्टच्या आतून आवाज आला.

आवाज त्याचाच होता. तसाच नाकातला, कंटाळलेला.

"पत्रा आहे, घुमतो," इंद्रजीत म्हणाला.

"तुमी तं बोललेच नाही, साहेब. एकडाव बाहेरून 'हो' म्हणा, मंग लावतो."

"तुझ्या बापाचा नोकर आहे का मी? लाव झाकण!"

देवसिंगने चारही पेच आवळले आणि तो खाली उतरला. इंद्रजीतचा घसा कोरडा पडला होता. धूळ गेली असेल, असं समजून तो बाटलीभर पाणी प्यायला.

सकाळी मालक तिसऱ्या मजल्यावर आला. हवा येते हे दिसावं म्हणून एसीच्या जाळीला बांधलेल्या फिती छान फडफडत होत्या. तो खूश झाला.

"इंद्रजीत कुठं आहेत?"

इंद्रजीत पुढे झाला. तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज फुटेना.

"इथंच आहे," वरून उत्तर आलं.

मालक हसला. "अजून कामातच? अहो, खाली या. अमरावतीचं तुम्हालाच दिलं."

इंद्रजीतने त्याचा हात धरला. मालकाने तो झटकला. "कोण रे हा मुका?"

देवसिंग छताकडे पाहत होता.

"आलो," वरून आवाज आला. झाकणाचा एक पेच आपसूक फिरत सैल झाला आणि फरशीवर पडला.