डोळा मारणारा टेम्पो

डाव्या दिव्यावरची पत्र्याची पापणी उजवीपेक्षा बरोबर दोन बोटं खाली होती. काजळाची रेघ स्वच्छ होती, पितळी केसांचं वळणही निर्दोष. पण एकूण... नजलाने मान तिरकी करून पाहिलं. टेम्पो तिला डोळा मारत होता.

"दिसलं ना, इंजिनिअरबाई?" टेम्पोचा ड्रायव्हर शिहाता म्हणाला. त्याच्या हातात झाकलेलं ताट होतं. "आठवडाभर हा साऱ्या मन्सूरा शहराला डोळे मारत फिरतोय. कालच फौजदाराच्या बायकोसमोर ब्रेक लागला... थोडक्यात वाचलो!"

"आणि हे ताट?"

"हाजा इन्शिराहबाईंचं. त्यांच्या दारात संत्री उतरवतो ना रोज. त्यांना वाटलं, पोरगा लाजाळू आहे, मनातलं टेम्पोकरवी सांगतोय." त्याने झाकण काढलं. आत भात भरलेलं कबूतर होतं. "रोज एक येतं. विधवा बाई, तीन नातींची आजी... नाही कसं म्हणू?"

"चव कशी असते?"

"तोच तर घोटाळा आहे... फार छान!"

नजलाने हसू लपवायला ओढणी वर ओढली.

दिव्यांना पापण्या आणि काजळ असल्याशिवाय इथला ड्रायव्हर गाडी रस्त्यावर काढत नाही. नजर लागते म्हणतात. नजलाचे वडील, जुने कारागीर उस्ता बय्यूमी, जन्मभर नुसत्या अंदाजाने पापण्या बसवत आले. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन लेक दुकानात आली ती दोरी आणि पाणसळ घेऊन. नळीतला बुडबुडा मधोमध आल्याशिवाय ती खिळा ठोकत नसे. मग ही चूक झाली कशी?

ती टेम्पोमागून चालत दारापर्यंत गेली. फुटपाथच्या कडेचा दगड तिथेच होता. पापण्या बसवल्या त्या दिवशी टेम्पोचं डावं चाक त्या दगडावर चढलेलं होतं. तिने दोन्ही पापण्या पाणसळीला अगदी सरळ बसवल्या होत्या. वाकडी होती ती गाडी! दगडावरून उतरली, आणि तिचा एक डोळा मिटला.

"खाली जमीन कशी आहे, ते बघितलं नव्हतंस?" उस्ता बय्यूमींनी चहाचा पेला खाली ठेवला. "तू? तू तर नळाखाली बादली ठेवतानासुद्धा फरशी तपासतेस!"

नजलाने पाणसळ उचलली. त्या दिवशी शिहाता समोरच्या पेटीवर बसून संत्र्याची साल अखंड एका पट्टीत सोलत होता. ती पट्टी लांबत गेली... आणि मग अर्धं संत्रं त्याने न बोलता तिच्यापुढे धरलं होतं.

"करू दुरुस्त?" तिने हळूच विचारलं. "दहा मिनिटांचं काम आहे."

"एवढ्यात?" शिहाता गडबडला. "म्हणजे... मग मी पुन्हा कशाला येणार?"

तेवढ्यात नादियामावशी दारात उभी राहिली, आणि थबकली. "अगं बाई! हा मला डोळा मारतोय?"

"मारू दे गं," उस्ता म्हणाले. "या वयात कोण मारतंय?"

"गप्प बसा हो, दाजी!" मावशी भाचीकडे वळली. "नजला, कुवेतच्या इंजिनिअरची आई घरी येऊन बसलीय. रमजानपासून तुझं एकच, 'विचार करते.' आज मी उत्तर घेतल्याशिवाय जायची नाही. तुझं 'नाही' नसेल, तर ते मी 'हो' समजणार."

शिहाताने ताटावर झाकण ठेवलं. ते नीट बसेना. त्याने पुन्हा ठेवलं. तरी वाजलंच.

"मुलगा चांगला आहे, बेटा," उस्ता हलकेच म्हणाले. "तोलून बघ."

नजलाने हातातली पाणसळ पाहिली. बुडबुडा एका टोकाला पळाला होता. ते शिहातालाही दिसत होतं. तिने पाणसळ खिशात घातली.

"मावशी, त्यांना सांग... नाही."

"नाही? आणि कारण काय सांगू?"

नजला शिहाताकडे वळली. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज मात्र सरळ होता.

"शुक्रवारी आईला घेऊन या. लग्न ठरल्याची फातिहा वाचायला. आणि टेम्पो... टेम्पो त्याच दगडावर लावा."