लीक कुणी चिरल्या?

"घट्ट बांध गं, हेझल! नाहीतर वाऱ्यानंच सुटेल, आणि मग सगळे म्हणतील, आला होता विल्फ!" नॉर्मा चिडून म्हणाली.

हेझलने जाळीच्या पेटीभोवती लाल दोरा आवळला आणि गाठीवर मेणबत्तीचं मेण ओतलं. पेटीच्या आत तिच्या आजोबांची शेवटची धड लीक उभी होती, तिच्या धाकट्या भावाच्या, कोलिनच्या पोटरीएवढी जाड! बाकीच्या एकामागून एक उभ्या चिरल्या गेल्या होत्या.

कोळशाच्या खाणीच्या त्या गावात कांद्याच्या या लांबुडक्या भावंडाला लोक पोटच्या पोरासारखं जपत. सर्वांत मोठ्या लीकला बक्षीस देणारं प्रदर्शन जवळ आलं की दुसऱ्याच्या लीकवर सुरी चालवणारे महाभागही निघत. त्यामुळे पहिली चीर दिसताच आजोबांनी शेजारच्या वाफ्याकडे बोट दाखवलं. तो वाफा होता विल्फ ट्युलिप यांचा. ते आजोबांचे खाणीतले जोडीदार आणि नॉर्माचे आजोबा.

"संशयित म्हणजे चोरच ना?" कोलिनने विचारलं.

"नाही," नॉर्मा म्हणाली. "चोराला निदान काय चोरलं ते ठाऊक असतं. संशयिताकडे सगळे नुसते बघतात. खाणवाल्यांच्या क्लबात आमच्या आजोबांच्या टेबलाशी कुणी बसत नाही आता. वाफ्याच्या फाटकाची किल्लीसुद्धा क्लबाला परत दिली त्यांनी आज."

सुट्टीतला एकही खेळ हेझलला आता गोड लागत नव्हता.

सकाळी तिघं धावतच वाफ्यावर आली. दोरा तसाच, मेण तसंच. आणि आतली लीक उभी चिरलेली!

"भूत!" कोलिन किंचाळला.

"भुताला सूप करायचंय का, गाढवा!" हेझलने दोरा तोडून पेटी उचलली. तिने चिरेवरून बोट फिरवलं. आतले पापुद्रे फुगून बाहेर आले होते, उसवलेल्या उशीतल्या कापसासारखे. "नॉर्मा, ही कुणी चिरलेली नाही. आतून फुटलीये! अजीर्ण झालंय हिला!"

"पण इथे बिअरचा वास येतोय," नॉर्मा हुंगत म्हणाली. "तुझे आजोबा तर काकवीचं पाणी घालतात ना?"

तेवढ्यात शीळ घालत हेझलचे स्टॅनकाका, आजोबांचे चिरंजीव, आले. हातात बादली. मुलांना पाहताच शीळ बंद!

"काका, बादलीत काय आहे?"

"अं... पाणी."

"पाण्याला फेस कसा येतो हो?" कोलिनने विचारलं.

काका मटकन खाली बसले. खताची कृती घरच्यांनाही सांगायची नाही, ही तिथली रीत. आजोबा रोज संध्याकाळी काकवी पाजत, काका गुपचूप सकाळी बिअर. या दुहेरी खुराकानंच लीक फुगून फुटत होत्या. आपल्या बाबांनी यंदा जिंकावं एवढीच काकांची इच्छा!

"मग विल्फआजोबांवर आळ आला तेव्हा गप्प का बसलात?" हेझल ओरडली.

"अगं, मलाही वाटलं, विल्फनंच चिरल्या!"

आजोबांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. "शाब्बास, पोरांनो," एवढंच म्हणून ते तडक विल्फच्या दारी गेले. मुलंही मागोमाग गेली.

"विल्फ, चुकलो रे मी. चल, तुझ्या लीक तरी प्रदर्शनात मांडू."

"काल उपटून टाकल्या, जिमी."

"सगळ्या? अरे, जिंकल्या असत्या त्या!"

"म्हणूनच. जिंकलो असतो तर काय म्हणाला असतास?" विल्फआजोबा म्हणाले. "खाणीत मी 'पळ' म्हटलं की मागे न बघता पळायचास तू. आणि एका भाजीपायी..."

हेझलला रडू फुटलं.

प्रदर्शनाच्या दिवशी क्लबात तिघा मुलांना मंचावर उभं केलं. "आमच्यापेक्षा या पोरांनाच जास्त अक्कल!" असं अध्यक्ष म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आजोबांनी सगळ्यांसमोर आपली चूक कबूल केली. मग ते कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेले आणि क्लबाकडून मागून घेतलेली वाफ्याची किल्ली विल्फसमोर ठेवली.

विल्फआजोबांनी किल्लीकडे पाहिलंही नाही. त्यांनी पायाने समोरची खुर्ची सरकवली.

"बस. डोमिनोच्या सोंगट्या लाव."

दोघं खेळत राहिले. नॉर्माने हेझलचा हात धरला होता. क्लब बंद व्हायची वेळ झाली, तरी किल्ली टेबलावर तशीच पडलेली होती.