हरकत आहे

गुरुवार हा उत्तराचा म्युझियमचा दिवस. २००४ साली ती नागपूरहून अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला आली ती नवऱ्याच्या, सत्यजितच्या व्हिसावर. चार वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेल्या उत्तराला इथे नोकरी करायची परवानगी नव्हती. फुकट काम मात्र चालत होतं. म्हणून दर आठवड्याला कॅलट्रेननं तासभर उत्तरेकडे जायचं आणि खाडीकाठच्या एका छोट्या नौदल म्युझियममध्ये जुने कागद टाइप करायचे. तिथे दोन खोल्या होत्या, काचेच्या कपाटात होकायंत्रं होती आणि देखरेखीला सत्तरीच्या, कमी बोलणाऱ्या मिसेस हॉलिस.

एप्रिलमध्ये त्यांनी तिला एन्साइन व्हिटकॉमची फाइल दिली. एन्साइन म्हणजे नौदलातला सगळ्यात कनिष्ठ अधिकारी. १९०७ ते १९१२, पाच जहाजं, आणि प्रत्येक कप्तानानं भरलेला एकेक छापील गोपनीय अहवाल. वक्तशीरपणा उत्तम. दिशाज्ञान उत्तम. व्यसन नाही. आज्ञापालनापुढे तर एकानं 'असामान्य' असं लिहून खाली दोनदा रेघ ओढली होती.

शेवटचा प्रश्न होता, 'हा अधिकारी आपल्या हाताखाली राहण्यास हरकत आहे काय?'

पाचही कप्तानांनी लिहिलं होतं, 'आहे.' कारणाची जागा पाचही ठिकाणी कोरी.

उत्तराला ते खटकलं. सगळ्या टेस्ट पास आणि तरी प्रॉडक्ट परत, असं कधी होत नाही. माणसानं चोरी केली असेल, कुणाला बुडवलं असेल, काहीतरी असणारच. पण फाइलमध्ये शिक्षा नव्हती, राजीनामा नव्हता, मृत्यूची नोंदही नव्हती. १९१२ च्या ऑगस्टनंतर कागदच नव्हते. पाच वर्षांत बढती मिळाली नाही, आणि माणूस कुठे गेला याचीही नोंद नाही.

मग तिचा संशय मिसेस हॉलिसवर गेला. त्या फाइलला हात लावत नसत. टेबलावर ती सरकवायची असली तर पट्टीनं सरकवत. बाकी कुठल्याच कामाची चौकशी करत नसत, पण दर गुरुवारी विचारत, "व्हिटकॉम कुठवर आला?"

"यातले काही कागद तुम्ही काढून ठेवलेत का?" एकदा उत्तरानं सरळच विचारलं.

"मी त्यातलं काही काढू शकले असते तर," मिसेस हॉलिस म्हणाल्या, "अकरा वर्षं इथे बसले नसते."

मे महिन्यात टायपिंग संपलं. तळाशी एक सहावा फॉर्म निघाला. तोच जुना पिवळा कागद, व्हिटकॉमचं नाव भरलेलं, बाकी कोरा. उत्तराला खात्री होती की तो आधी तिथे नव्हता. तिनं पहिल्याच दिवशी कागद मोजले होते.

"जो फाइल पूर्ण करतो तो हा भरतो," मिसेस हॉलिस खिडकीकडे बघत म्हणाल्या. "इथली पद्धत आहे. मी सही करायला सांगत नाहीये."

उत्तरा कागदाकडे बघत राहिली. काहीतरी गडबड आहे हे तिला कळत होतं. पण कारण न देता पाच वेळा नाकारला गेलेला तो पोरगेला अधिकारी तिच्या डोक्यातून जाईना. तिच्या स्वतःच्या पासपोर्टवरही एका शब्दात तिचा निकाल लावलेला होता, 'डिपेंडंट'. तिनं पेन उचललं, 'हरकत नाही' लिहिलं आणि सही केली.

मिसेस हॉलिसनी डोळे मिटून घेतले. मग पर्स उचलली आणि घरी गेल्या.

पुढच्या गुरुवारी सत्यजित सकाळी सातलाच ऑफिसला निघाला. नव्या सॉफ्टवेअरची रिलीज होती, तिसरा आठवडा तो मध्यरात्रीच उगवत होता. ट्रेनमध्ये बसल्यावर उत्तराच्या मनात आलं, एक दिवस हा घरी गप्प बसला तर काय बिघडेल? तेवढंच. ती कुणाशी बोलली नाही.

म्युझियमची किल्ली शेजारच्या दुकानदाराकडे होती. मिसेस हॉलिस मुलीकडे ॲरिझोनाला राहायला गेल्या होत्या, कायमच्या.

फाइल कपाटात ठेवताना तिच्या पुठ्ठ्याचं अस्तर सुटलं. आत घडी घातलेली एक चिठ्ठी होती. अक्षर पाचव्या कप्तानाचं. तिनं ती उभ्यानंच वाचली.

'त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मी दिलेली प्रत्येक आज्ञा त्यानं पाळली. न दिलेल्याही पाळल्या. मनात काय आणायचं याची मला आता धास्ती वाटते.'

उत्तरानं घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. ऑफिसमध्ये लावला.

"सत्यजित? तो तर अकरालाच निघून गेला," सहकारी म्हणाला.

ती साडेचारला घरी पोचली. पार्किंगमध्ये गाडी होती. दार नुसतं लोटलेलं होतं.

सत्यजित सोफ्यावर बसला होता. पाठ ताठ. दोन्ही हात गुडघ्यांवर. टीव्ही बंद, लॅपटॉप बंद.

"अरे, काय झालं? बरं नाही का?"

"तुमच्या म्युझियममधला तो मुलगा," तो ओठ फारसे न हलवता म्हणाला. "ऑफिसमध्ये घ्यायला आला. फार पोलाइट आहे. म्हणाला, मॅडमची इच्छा आहे."

"कुठे आहे तो?"

सत्यजितनं मान वळवली नाही. तो तिच्या मागे, जरा वरच्या बाजूला बघत होता.

"उत्तरा," तो अगदी हळू म्हणाला, "मी आता उठू का, एवढं त्याला विचारतेस?"