नऊ नंबरचा खांब

प्रबुद्धभाऊजींच्या नव्या युनिफॉर्मचं वरचं बटण सैल होतं, ते मी शिवत बसले होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांची ड्युटी होती, शहराबाहेरच्या एका मोठ्या कॉलेजच्या कंट्रोल रूममध्ये. त्याच खोलीत आमच्या मामंजींनी बावीस वर्षं नोकरी केली. जेवणं झाली होती. नल्लकुंट्याच्या आमच्या गच्चीवर थंडी उतरली होती आणि माझा लहानगा तेजस मांडीवर अर्धवट झोपला होता.

"काम तरी काय आहे तिथं?" भाऊजी म्हणाले. "घंटी वाजली की उचलायची. माकडसुद्धा करील."

"मग बरोबर माणूस घेतलाय त्यांनी," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही हसलो. मामंजी हसले नाहीत. आमच्या घरात बुद्धवंदना होते, उतारे होत नाहीत. मामंजी भूतखेत मानत नाहीत. म्हणूनच त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझ्या हातातली सुई तशीच राहिली. त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"प्रबुद्ध, त्या आवारात रस्त्याच्या कडेला चौदा खांब आहेत. वर निळा दिवा, खाली लाल बटण आणि बोलायला जाळी. कुणी अडचणीत सापडलं की बटण दाबतं. आपल्या खोलीत घंटी वाजते, बोर्डावर त्या खांबाचा दिवा लागतो. अर्ध्या मिनिटात फोन उचलायचा आणि म्हणायचं, 'वहींच ठैरो, हिलना नक्को, गाडी आरी.' माणूस तिथून हलला तर अंधारात गाडीला सापडायचा कसा? म्हणून तो नियम. मग रजिस्टरात 'उचलला' या रकान्यात टिक करायची. गाडी गेली का, याचा रकानाच नव्हता.

माझ्याबरोबर शिवराज होता. उदगीरकडचा, गौलीगुड्यात राहायचा. बायको माधवी, आणि पाच वर्षांची एकच पोरगी, श्रावणी. नवसानं झालेली. दोन डिसेंबर दोन हजार बावीस, शुक्रवार. ड्युटीवर येताना शिवराज अफझलगंजला उतरला आणि पोरीसाठी लाल चपला घेऊन आला. बोर्डासमोर ठेवून मला दाखवत होता. 'मोठ्या तर होणार नाहीत ना, उत्तमराव?' म्हणून बोटांनी माप घेत होता.

सात चाळीसला नऊ नंबर वाजला.

नऊ नंबर म्हणजे तळ्याकडचा. हॉस्टेलची पोरं तिथूनच चेष्टा करायची, बाईचा आवाज काढायची. त्या संध्याकाळी दोनदा झालं होतं. शिवराजनं उचलला. बाईचा आवाज. 'भय्या, साँप काटा. बच्चा है मेरे पास. जल्दी आओ.' शिवराज चपलेचा पट्टा लावत होता. त्यानं वर न बघता म्हटलं, 'वहींच ठैरो, अम्मा. हिलना नक्को. गाडी आरी.' टिक केली. 'पुन्हा तीच पोरं,' म्हणाला. मीही मान हलवली.

गाडी गेली नाही.

आठ पंचवीसला गस्तीची जीप सहज तिकडून गेली. बाई खरी होती. बांधकामावरची, पालमूरकडची. खांबाला पाठ लावून उभी होती. उभीच होती, प्रबुद्ध. बसली नव्हती. मूल छातीशी धरलेलं, ते जिवंत होतं, झोपलेलं. बाई गेलेली होती. तिथून चारशे पावलांवर गेट आहे, गेटवर ऑटो असतात. ती चालत गेली असती तर... पण तिला सांगितलं होतं, हलू नको.

रजिस्टरात टिक होती. कुणावरच कारवाई झाली नाही. मूल तिच्या बहिणीनं नेलं. खांब 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लावून वायर काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात चाळीसला श्रावणी घरात खेळता खेळता थांबली. उभी राहिली ती राहिलीच. डोळे उघडे, हाका मारल्या तरी ओ नाही. तीन मिनिटं. मग पुन्हा खेळायला लागली. त्याच्या पुढच्या दिवशी सहा मिनिटं. मग नऊ.

रोज तीन-तीन वाढत गेली.

शिवराजनं दवाखाने केले. डोक्याचे फोटो काढले, रक्त तपासलं. सगळं चांगलं. माधवीनं उतारे टाकले, दर्ग्यावर नेऊन आणली. उभी असताना त्या पोरीला उचलता यायचं नाही. पाच वर्षांचं लेकरू, आणि दोन माणसांनी ओढलं तरी हलायचं नाही. जमिनीत पुरल्यासारखं. तिसाव्या मिनिटानंतर तिच्या पापण्या खाली यायला लागल्या. तोंडातून लाळ. नाग चावलेल्या माणसाचं होतं ना, तसं.

शिवराजनं कॅलेंडरवर लिहून काढलं. ती बाई पाऊण तास उभी होती. सात चाळीस ते आठ पंचवीस. श्रावणीची पंचेचाळीस मिनिटं कधी भरतात? सतरा तारखेला, शनिवारी. शुक्रवारी बेचाळीस झाली, आणि शेवटच्या दोन मिनिटांत पोरीचा श्वास तुटायला लागला.

तो रात्रीच माझ्याकडे आला. हे इथंच, खाली दारात बसला. सरू, तुला आठवत असेल."

सासूबाईंनी मान हलवली. "पाणीसुद्धा घेतलं नाही त्यानं," म्हणाल्या.

"म्हणाला, 'उत्तमराव, मला घंटी ऐकू येते. रोज. नऊ नंबरची.' मी म्हटलं, वायर काढलीय बाबा. म्हणाला, 'मी उचलतो. ती एवढंच म्हणते, भय्या, मैं हिली नै.'

मी त्याला वेड्यात काढलं नाही. पोरगी मी बघितली होती. म्हटलं, मग उद्या गाडी घेऊन जा. त्या दिवशी जायची होती ती.

शनिवार, सतरा डिसेंबर. मी बोर्डावर बसलो. शिवराज एकटा जीप घेऊन गेला. घरी माधवी पोरीजवळ. शिवराजचा फोन तिला लावलेला, स्पीकरवर.

सात चाळीस झाले. मी बोर्डाकडे बघत होतो. वायर नसलेला नऊ नंबर... लागला.

घंटी नाही. नुसता दिवा.

पुढचं शिवराजनं मला सांगितलं तसं सांगतो. खांबावर निळा उजेड होता. तो जीपमधून उतरला. मागचं दार उघडलं. म्हणाला, 'अम्मा, गाडी आई.' काही नाही. 'मेरी गलती हुई, अम्मा. आओ, बैठो.' काही नाही. तळ्यावरून वारासुद्धा नव्हता.

आठ वाजले. त्यानं हात जोडले. जमिनीवर डोकं टेकवलं. फोनमधून माधवी म्हणत होती, 'पापण्या पडायला लागल्यात हो.'

सव्वाआठ. शिवराज ओरडायला लागला. 'माझा जीव घे! पोरीनं काय केलंय तुझं?' मराठीत, तेलुगूत, जे तोंडात येईल त्यात. फोनमधून माधवीचा आवाज, 'ओठ निळे... अहो, ओठ...'

आठ वीस. चाळीस मिनिटं झाली होती.

आणि तेव्हा त्याला कळलं, ती का येत नाही. तिला त्यानंच सांगितलं होतं. हिलना नक्को. गाडी आली, दार उघडलं, माफी मागितली. पण हल, असं कुणी म्हटलंच नव्हतं.

तो खांबाजवळ गेला. जाळीला तोंड लावलं. हळूच म्हणाला...

'हिलो अम्मा. अब हिलो.'

जीप मागून खाली दबली. कुणीतरी बसल्यासारखी.

त्यानं दार लावलं. गाडी काढली. मागे बघितलं नाही. आरसा वर वळवून टाकला. गेट ओलांडलं. खोबरेल तेलाचा वास. सिमेंटचा वास. आणि अगदी मानेजवळ...

'बच्चा?'

शिवराज म्हणाला, 'अच्छा है, अम्मा. खाला के पास है. दूध पी रा.'

मागे... काही नाही.

मग फोनमधून माधवी रडली. 'बसली! अहो, श्रावणी खाली बसली! पाणी मागतेय!'

आठ चोवीस.

तो तरीही थांबला नाही. दवाखान्यापर्यंत गेला. दारात गाडी लावली, उतरला, मागचं दार उघडलं. सीट रिकामी होती. वॉर्डबॉय म्हणाला, 'पेशंट कुठंय?' शिवराज तिथंच पायरीवर बसून रडला."

खालच्या रस्त्यानं एक ऑटो गेला. भाऊजींनी विचारलं, "मग झालं ना बरं? सुटली ना पोरगी?"

"सुटली. त्यानंतर एकदाही तशी उभी राहिली नाही. आता उदगीरला शाळेत जाते. शिवराजनं त्याच महिन्यात नोकरी सोडली."

"मग?"

"मग रविवारी सकाळी आम्ही दोघं नऊ नंबरला गेलो. हार घालावा म्हणून. डिसेंबरचं दव पडलेलं. खांबाखाली सिमेंटचा ओटा आहे, तो सगळा ओला होता. फक्त दोन जागा कोरड्या होत्या. खांबाला पाठ लावून कुणी उभं राहिलं तर पाय जिथं येतील, तिथं. आताच कुणीतरी तिथून निघून गेल्यासारख्या.

मी म्हटलं, बघ, गेली बिचारी. शिवराज वाकून बघत राहिला. मग मलाही दिसलं.

ते बाईचे पाय नव्हते. फार लहान होते."

मी तेजसला उचलून छातीशी घेतलं. तो जागा झाला नाही.

"चपला त्याच्या पिशवीतच होत्या," मामंजी म्हणाले. "त्या लाल. पोरीच्या पायात त्यानं कधी घातल्याच नव्हत्या. त्यानं एक काढली. कोरड्या जागेवर ठेवली...

बोटभरसुद्धा कमी-जास्त नव्हती."