पट्टी कुठली लावू?

सुई हातात होती, पुस्तक मांडीवर होतं, आणि दोघांचं काही केल्या जमत नव्हतं.

घाटकोपरला भटवाडीतल्या आरे दूध केंद्रावर वनमाला सकाळ-संध्याकाळ बाटल्या द्यायची. गर्दी ओसरली की रिकाम्या क्रेटवर बसून क्रोशा शिकायची. तिच्या मामीने दिलेल्या पुस्तकात दोरा कुठून कुठे न्यायचा ते एका बाईच्या चित्रांवर बाण काढून दाखवलेलं होतं, पण वनमालेचा दोरा त्या बाणांना जुमानत नव्हता. साखळीचे टाके कसेबसे व्हायचे. खांबाचा टाका म्हणून जे उभं राहायचं, ते लगेच मान टाकायचं. घरी आईने लकडा लावला होता. उद्या कोणी बघायला आलं तर पोरीच्या हातचं म्हणून दाखवायला साधा रुमालसुद्धा नाही, हे आईच्या जिवाला लागून राहिलं होतं.

"चित्रातल्या बाईचे हात बघ, आणि तुझे बघ," खिडकीबाहेरून कोणीतरी म्हणालं.

समोरच्या फोटो फ्रेमच्या दुकानातला लवू. आपल्या मामाच्या हाताखाली काचा कापणारा हा मुलगा रोज दूध न्यायचा, पण "दे" आणि "येतो" यापलीकडे आजवर बोलला नव्हता.

"काय झालं माझ्या हातांना?"

"तू डावरी आहेस ना? पुस्तक उजव्यांचं आहे."

वनमालेचा चेहरा उतरला. डावा हात हे तिचं लहानपणापासूनचं दुखणं. शाळेत त्यावर पट्ट्या बसल्या होत्या आणि घरी अजूनही पानं वाढताना आई डोळे वटारायची.

"माहितीये. हातच उलटा आहे माझा," ती तुटकपणे म्हणाली.

"हात बरोबर आहे गं," लवू सहज म्हणाला. "चित्रं उलटी आहेत. आरशात बघ, सुलटी दिसतील."

आणि बाटल्या उचलून तो चालताही झाला. वनमाला मात्र पुढच्या गिऱ्हाइकाला दूध द्यायचं विसरून आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली. तो बरोबर आहे असं आजवर तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुस्तक घेऊन दुकानात गेली. भिंतीला टेकून एक भलामोठा आरसा उभा होता. कोणी फ्रेम करायला टाकून गेलं होतं ते परत फिरकलंच नव्हतं. लवूने त्याच्यापुढे स्टूल ठेवलं. वनमाला आरशाकडे तोंड करून बसली, आणि तो मागे उभा राहून तिच्या खांद्यावरून पुस्तक आरशाला दाखवू लागला. आधी ओळ वाचायची, मग पान आरशाकडे वळवायचं. काउंटरवर मामा पेपर वाचता वाचता पेंगत होते. आरशातल्या बाईची सुई आता डाव्या हातात होती, आणि वनमालेचा खांब पहिल्यांदाच न डगमगता उभा राहिला.

मग दुपारी तिकडे जाणं रोजचंच झालं. पुस्तक बरंचसं तोंडपाठ झालं, तरी ते धरणारा माणूस लागायचाच. गंमत अशी, की समोरासमोर आले की दोघांची बोबडी वळायची… आरशात मात्र धीर यायचा.

"तीन साखळ्या, मग त्याच घरात खांब. लक्ष दे."

"लक्षच देतेय. पुस्तक जरा वर धर, मला नुसतं तुझं तोंड दिसतंय."

"मग बिघडलं कुठे?"

"खांब बिघडला."

तो हसला की त्याच्या भुवईवरचा काच लागल्याचा व्रण किंचित वर जायचा. तेवढ्यासाठी वनमालेने कितीतरी चांगले खांब मुद्दाम बिघडवले.

आणि श्रावणात आईने बातमी आणली. बोरिवलीचं स्थळ, मुलगा विद्याधर टेलिफोन खात्यात, माणसं आपल्याच गावाकडची, रविवारी बघायला येणार. त्या रात्रीपासून वनमालेने पुस्तकातलं शेवटचं फूल विणायला घेतलं, आठ पाकळ्यांचं, सगळ्यात अवघड. आरसा नाही, लवू नाही, सगळं आठवून आठवून. मुलगी मुलाला उगाच आपल्या हातचं देत नाही, एवढं लवूला कळेलच, असा तिचा हिशेब होता.

गुरुवारी संध्याकाळी ती दुकानात गेली तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. गणपती तोंडावर आलेले, जो तो तसबिरी घेऊन उभा. तिने पेपरात गुंडाळलेलं फूल काउंटरवरून पुढे सरकवलं.

"हे… घे. नीट ठेव."

लवूने घडी उघडली. फूल तळहातावर पसरलं, आणि त्याचे डोळे असे काही चमकले की वनमालेला सगळं मिळालं. इतक्यात मामांनी मागून काचेसाठी हाक मारली, गिऱ्हाईक ओरडलं, आणि प्रत्येक फ्रेमच्या गिऱ्हाइकाला विचारायचं तेच लवूच्या तोंडून सवयीने निघून गेलं,

"पट्टी कुठली लावू?"

वनमालेला वाटलं, लाजून थट्टा करतोय. "तुला आवडेल ती," म्हणाली आणि पळालीच.

शुक्रवारी सकाळी दूध घेताना तो हळूच म्हणाला, "रविवारी दुपारी घरी येऊन जातो तुझ्या. चालेल ना?"

चालेल ना! तिने घाईघाईने मान डोलावली. तो घरी येऊन बोलणार होता. मग बोरिवलीच्या स्थळाचं त्याला सांगायची गरजच काय? येऊ देत बिचारे, पोहे खाऊन जातील.

रविवारी ती मंडळी येऊन बसली. वनमालेने उजव्या हाताने पोह्यांच्या बश्या फिरवल्या, डावा पदराखाली. बाहेर येताना आईने बजावलंच होतं, "डावो हात खालती घे गे." कान मात्र सगळे दाराकडे.

लवू आला. इस्त्रीचा शर्ट, ओले करून बसवलेले केस, आणि काखेत पेपरात गुंडाळलेली चौकोनी वस्तू. दारातच त्याने नवी साडी पाहिली, बश्या पाहिल्या, विद्याधरला पाहिलं. काय ते त्याला कळलं… म्हणजे, चुकीचं कळलं. फूल दिलं होतं ते या पाहुण्यांना दाखवायलाच.

"ही फ्रेम, काकी," तो आईला म्हणाला. "वेळेवर झाली."

निळ्या मखमलीवर पांढरं फूल, वर काच, भोवती दुकानातली सगळ्यात सुंदर सोनेरी पट्टी. विद्याधरच्या आईने फ्रेम हातात घेतली. "हे हिच्या हातचं?"

"हो. माझ्यासमोर शिकली," लवू म्हणाला. "हात फार चांगला आहे तिचा."

आईने पैशांचं विचारलं, तर म्हणाला, असू दे, वनमालेला आमच्या दुकानाकडून भेट. आणि पाणीसुद्धा न पिता गेला. वनमाला उठली असती, एक हाक मारली असती, तर? पण हातात बशी होती आणि समोर माणसं होती. त्याच बैठकीत होकार आला.

साखरपुड्यानंतर ती लग्नाची पत्रिका घेऊन दुकानात गेली. आरसा तिथेच होता. ती सवयीने स्टुलावर बसली.

"ते फूल फ्रेम करायला नव्हतं दिलं मी," ती आरशातल्या लवूला म्हणाली.

"मग?"

"तुला दिलं होतं."

त्याने हातातली काच जपून खाली ठेवली. "दुकानात येतं ते कोणाचं तरी असतं ना… परत द्यायचं असतं. मला वाटलं…"

"आणि तू रविवारी येतो म्हणालास, तेव्हा मला वाटलं…"

"त्या दिवशी तरी बोलायचंस," तो म्हणाला.

"तू तरी."

ती वळली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ, डोळे भरून पाहिलं. आरशात उजवीकडे दिसणारा व्रण समोरून डावीकडे होता. एवढे दिवस तिने हा चेहरा उलटाच पाठ केला होता. त्याने आता नुसतं 'थांब' म्हटलं असतं, तरी ती थांबली असती. तो पत्रिकेकडे बघत म्हणाला, "विद्याधर माणूस चांगला वाटला."

"चांगला आहे," ती म्हणाली. ते खरंच होतं.

सामान बांधताना आईने ती फ्रेम साड्यांच्या घड्यांत ठेवली, आणि काच पुसता पुसता म्हणाली, "लवू माझ्या मनात होतो गे. पण तू कधी काय बोलूकच नाय." वनमाला तोंड फिरवून ट्रंकेची कडी लावत राहिली.

आता फ्रेम बोरिवलीच्या घरात, बाहेरच्या खोलीत आहे. येणारा-जाणारा फुलाचं कौतुक करतो, विद्याधर अभिमानाने सांगतो, आमच्या हिनं केलंय. वनमाला डाव्या हाताने विणते आणि घरात कोणी काही म्हणत नाही. पुस्तक लागत नाही, आरसाही लागत नाही. फक्त वेणी घालायला ती आरशापुढे बसते, तेव्हा तिची नजर आधी आपल्या खांद्याच्या वर जाते. तिथे कोणी नसतं. मग ती केस विंचरायला घेते.